शेऱ्याचा रकाना

आमच्या बाई सोमवार ते शुक्रवार मासे खात नसत. दुसऱ्या कोणाबद्दल ही गोष्ट मुद्दाम लिहिण्यासारखी नाही. पण बाईंचा जन्म अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राला चिकटून असलेल्या कोळीवाड्यातला आणि राहणंही तिथेच. आई चाळीस वर्षं बाजारात मासळी घेऊन बसलेली, धाकटा भाऊ अजून होडी काढतो. घरात दोन्ही वेळेला मासळी शिजायची आणि त्याच घरातली ही एक बाई पाच दिवस डाळभात खाऊन कामाला निघायची. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माझ्या उंदरांना वास येतो."

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा पिंजरा जागेवर गेला की बाई हात धुवायच्या आणि आईला फोन लावायच्या. "आये, काय आलंय आज?" पलीकडून जी यादी यायची ती ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी सात वर्षं पाहिला. पगारवाढीची बातमी ऐकतानाही माणसाचा चेहरा तसा होत नाही.

बाई शास्त्रज्ञ होत्या. पवईच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमची संशोधन संस्था आहे. तिच्या तळमजल्यावर उंदरांची वसाहत, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी पिंजरे. तिथे जायच्या आधी प्रत्येकाची दारात तपासणी व्हायची आणि ती बाई नाकाने करायच्या. पावडर नाही, सेंट नाही, केसांना वासाचं तेल नाही, बायकांनी गजरा माळायचा नाही. मी कामाला लागलो त्या आठवड्यात त्यांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणलं आणि म्हणाल्या, "मोगरा. अगरबत्ती. घरी पूजा कोण करतं?"

"मीच करतो, बाई."

"संध्याकाळी करत जा. देव थांबतो, उंदीर थांबत नाहीत."

मी मुलुंड पूर्वेला राहतो. आम्ही मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. घरी येऊन मी आईला हा नियम सांगितला तेव्हा ती हातातली वात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "उंदरांपायी देवाक सकाळचो धूप नाय? काय दिवस इले रे बाबा!" पण त्या दिवसापासून आमची पूजा रात्री साडेआठला होते ती आजतागायत.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी नऊला बाई गच्चीवर जाऊन उभ्या राहायच्या. कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या मैदानावरून वारा येत असेल तर खाली येऊन जाहीर करायच्या, "आज वारा कांजूरचा आहे. चाचण्या बंद." कोणी म्हणे, "बाई, खोलीला फिल्टर आहेत." त्यावर त्या म्हणायच्या, "फिल्टरला नाक आहे का?" आणि विषय संपायचा.

मी आधी भांडुपच्या एका औषध कारखान्यात बारा वर्षं नोंदी ठेवायचं काम केलं. कारखाना बंद पडला आणि ओळखीतून कळलं की इथे प्रयोगाच्या नोंदी ठेवायला माणूस हवा आहे. मुलाखत बाईंनी घेतली. प्रश्न एकच होता.

"तुझी एखादी चूक सांग."

मी खरं तेच सांगितलं. बारा वर्षांत माझ्या नोंदवहीत एकही चूक निघालेली नव्हती.

"म्हणजे सापडली नाही," बाई म्हणाल्या. "ये सोमवारपासून."

सोमवारी त्यांनी मला उंदरांच्या खोलीबाहेर उभं करून काम समजावलं. तेवढं समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून त्यांच्याच शब्दांत देतो. "मेंदूत एक रसायन आहे, डोपामीन. तो निरोप्या आहे असं समज. निरोप आत जायला दार लागतं, त्या दाराला रिसेप्टर म्हणतात. अशी दारं पाच प्रकारची. आमच्या काही उंदरांत त्यातलं चौथं दार जन्मापासून नाही. ते दार बनवणारं जनुकच काढून टाकलेलं आहे. त्यांना आम्ही नॉकआउट म्हणतो. त्यांचीच सख्खी भावंडं, एका वेताची, पण सगळी दारं शाबूत असलेली, ती साधी. दोघांना एकेक करून मोकळ्या पेटीत सोडायचं, मध्ये एक नवी वस्तू ठेवायची आणि बघायचं."

"काय बघायचं?"

"ते चौथं दार नसलं की उंदराचं काय अडतं ते."

"काय अडतं?"

"ते ठाऊक असतं तर तुला कशाला घेतला असता?"

उंदीर रात्री जागे असतात, म्हणून त्यांची रात्र आम्ही दिवसा करायचो. आम्ही कामावर असेपर्यंत खोलीत फक्त मंद लाल दिवा. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. संध्याकाळी सातला आम्ही घरी गेलो की आपोआप ट्यूबलाइट लागायच्या आणि सकाळी सातला विझायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेटीत ठेवायची नवी वस्तू बाई स्वतः आणायच्या. एकदा घाटकोपर स्टेशनबाहेरच्या प्लास्टिकच्या सामानाच्या ठेल्यावर मी त्यांच्यासोबत होतो. बाईंनी साबणाची डबी उचलली, हुंगली. दुसरी उचलली, हुंगली. ठेलेवाला अस्वस्थ झाला. "मॅडम, वास नाय येणार, नवा माल आहे."

"म्हणूनच घेते. सात दे. सगळ्या लाल."

"सगळ्या लाल कशाला? पोरांना वेगवेगळे रंग आवडतात."

"माझ्या पोरांना लाल रंग दिसतच नाही."

ठेलेवाल्याने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळहळून आठवी डबी तशीच पिशवीत टाकली. बाईंनी ती आनंदाने घेतली.

खोलीबाहेर बाईंचा आवाज बाजारातला होता. दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर फाटकावरचा रखवालदार वर बघे. आमचे संचालक एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यांनाही त्या सगळ्यांदेखत "अरे" म्हणायच्या. पण उंदरांच्या खोलीत शिरल्या की तीच बाई कुजबुजायची. चाचणी सुरू करण्याआधी स्टुलावर दहा मिनिटं काहीही न करता बसायची. मी वेळ लावून पाहिली आहे, नऊ मिनिटं कधी झाली नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आपण आलोय हे त्यांना विसरू दे."

कोणी चांगला आलेख घेऊन आला की बाई आधी विचारायच्या, "कल्ला उघडलास का?" मासळी ताजी आहे की नाही हे गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं. आतून लालभडक असला तर माल ताजा. आईच्या शेजारी बसून बाईंनी लहानपणी हजारो वेळा ते पाहिलेलं. नुसता आलेख बघून "झकास!" म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी कच्चं गिऱ्हाईक.

आणि शेऱ्याचा रकाना. माझ्या नोंदवहीत प्रत्येक चाचणीला एक ओळ होती. उंदराचा नंबर, वेळ, वस्तूपाशी किती सेकंद, आणि शेवटी शेरा. सगळ्या जगात हा रकाना रिकामा असतो. बाईंकडे तो रिकामा ठेवायची बंदी होती. "काही नाही" असं लिहायचीही बंदी. "काहीच नाही असं कधी असतं का रे? नीट बघ आणि लिही." मग मी लिहू लागलो. "शेजारच्या इमारतीत ड्रिल चालू." "उंदराने आधी अंग साफ केलं." "लिफ्ट बंद, धापा टाकत आलो." "माझं पोट बिघडलेलं." बाई दर शनिवारी फक्त तेवढाच रकाना वाचायच्या, बोट लावून, वरून खाली. पहिली दोन वर्षं मला हा निव्वळ छळ वाटला.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

बाईंची आई बाजारात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाई सहा आठवडे रजेवर गेल्या. त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी स्नेहल आणि मी, दोघांवर काम आलं. स्नेहल तेव्हा एकतीस वर्षांची, लग्न झालेली, राहायला बोरिवली. प्रबंधाचं सहावं वर्ष चालू होतं आणि सासूबाई नातेवाइकांना सांगायच्या, "सून उंदरांना खेळवते." मार्चमध्ये बाहेरची समिती आढाव्याला येणार होती. निकाल दाखवता आला नाही तर उंदरांची वसाहत बंद, जागा दुसऱ्या विभागाला, आणि स्नेहलच्या प्रबंधाचं काय होणार हे कोणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सहा आठवड्यांत मी एक सुधारणा केली. पाच फळ्यांच्या मांडणीवर पिंजरे कसेही लावलेले होते, आले तसे ठेवलेले. लाल अंधारात हवा तो पिंजरा शोधायला मला सरासरी चार मिनिटं लागत. मी एका शनिवारी बसून सगळं नीट लावलं. नॉकआउट वरच्या दोन फळ्यांवर, पिवळी चिठ्ठी. साधे खालच्या दोन फळ्यांवर, पांढरी चिठ्ठी. मधली फळी सामानाला. शोधायची वेळ अर्ध्या मिनिटावर आली. बाई रजेवरून आल्या, मांडणीसमोर उभ्या राहिल्या आणि कुजबुजल्या, "पहिल्यांदाच ही मांडणी बघून माझं डोकं दुखत नाही." मी ते वाक्य घरी जाऊन बायकोला सांगितलं.

डिसेंबरात निकाल लागला. आलेखावर प्रत्येक उंदराचा एक ठिपका होता. साधे एका बाजूला, नॉकआउट दुसऱ्या बाजूला, मध्ये रस्ता जावा एवढी मोकळी जागा. चौथं दार नसलेले उंदीर नव्या वस्तूच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते, कोपऱ्यात दबून बसत होते. स्नेहलने पेढे आणले. संचालकांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून सांगूनही टाकलं. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला.

बाईंनी पेढा घेतला नाही. आलेख खिडकीपाशी नेऊन बघत राहिल्या.

"कल्ला उघडला का कोणी?"

"मॅडम, तीनदा तपासलंय," स्नेहल म्हणाली.

"मग हे तीन पाहुणे कोण?"

तीन साधे उंदीर नॉकआउटच्या ठिपक्यांच्या ढगात जाऊन बसले होते. संचालक हसून म्हणाले, "मॅडम, एवढ्यांत तीन इकडेतिकडे होणारच. वगळा."

"पाहुण्याला नाव न विचारता बाहेर काढायची पद्धत आमच्यात नाही. नोंदवही आण रे."

ते तीन होते ४६, ४७ आणि ४८. एका पिंजऱ्यातले तीन सख्खे भाऊ. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि खाली सरकवत गेल्या. तीन पानं मागे माझ्याच अक्षरात ओळ होती, "पिंजरा वरच्या फळीवर हलवला. खाली बाटली गळते, मधल्या फळीवर सामान."

बाईंनी वही मिटली. "आज सातला थांबायचं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सातला तिघं त्या खोलीत उभे होतो. मी पाच वर्षांत त्या खोलीत ट्यूबलाइट लागलेली पाहिली नव्हती. आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती, कारण लागायच्या वेळेला आम्ही बसस्टॉपवर असायचो. खटका वाजला आणि छताजवळचे दिवे पेटले. वरच्या दोन फळ्या लख्ख पांढऱ्या झाल्या. पिवळ्या चिठ्ठ्यांच्या पिंजऱ्यांतले सगळे उंदीर एकदम कोपऱ्यात, कापसाखाली. त्यांच्यातच पांढऱ्या चिठ्ठीचा एक पिंजरा, ४६, ४७, ४८, तेही कापसाखाली. खालच्या फळ्यांवर वरच्या फळ्यांची सावली होती. तिथले उंदीर आरामात फिरत होते.

बारा तास रोज, कित्येक आठवडे. मी हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती.

"जनुकाचा काही संबंध नाही," बाई कुजबुजल्या. "वर राहिला तो घाबरला. हा निकाल आपला नाही, ट्यूबलाइटचा आहे."

मी म्हणालो, "बाई, ही मांडणी मी लावली."

"आणि मी बघून खूश झाले. दोघांनी मिळून केलंय, एकट्याने मिरवू नको."

स्नेहल भिंतीला टेकून रडायला लागली. बाईंनी तिला बाहेर नेलं. बाहेर आल्याबरोबर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "रड. दहा मिनिटं. मग मांडणी मोकळी करायला ये."

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीतलं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. म्हणजे बाईंचं येत होतं, संचालकांचं अंदाजाने समजत होतं. मसुदा परत घेऊ नका, आढावा तोंडावर आहे, एवढ्या तपशिलात कोण शिरणार आहे, असं काहीतरी ते म्हणाले असावेत. त्यावर बाईंची मूळ बोली बाहेर आली. "मना नको शिकवू! शिळा मासा बर्फात घालून विकायचा असता तर मी आयेबरोबर बाजारातच बसले असते. आणि तिनं माझी टोपली गटारात ओतली असती!"

मसुदा मागे घेतला गेला. आढाव्याला अकरा आठवडे उरले होते.

मी त्या दुपारी राजीनामा लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, "माझ्या चुकीमुळे प्रयोगाचं नुकसान." बाईंच्या टेबलावर ठेवला. तासाभराने कागद माझ्या टेबलावर परत आला. खाली लाल पेनने लिहिलं होतं, "शेरा : नामंजूर. चूक याच्यामुळे झाली, याच्यामुळेच सापडली. अक्षर चांगलं आहे."

तो कागद मी घरी कपाटात ठेवला आहे. लग्नाच्या दाखल्याच्या शेजारी.

मग सुरू झालं ते काम मी आयुष्यात पुन्हा करीन असं वाटत नाही. नव्या वेतांची चाळीस पिल्लं नुकतीच आईपासून वेगळी झाली होती. कोण साधं, कोण नॉकआउट हे फक्त स्नेहलला तपासणीतून कळणार होतं. तिने चाळिसांची यादी केली, लखोट्यात घातली, लाख लावली. लखोटा बाईंनी कॅन्टीनच्या मालकाकडे ठेवायला दिला. संचालकांनी विचारलं, माझ्या तिजोरीत का नाही? "तुला निकालात रस आहे. त्याला काडीचाही नाही. म्हणून तोच भरवशाचा." कॅन्टीनवाल्याने लखोटा वेलदोड्याच्या डब्यामागे ठेवला आणि विसरून गेला.

पिंजऱ्यांना आता फक्त नंबर. चिठ्ठ्या सगळ्या पांढऱ्या. दर सोमवारी सकाळी बाई आणि मी हाऊजी खेळायचो. स्टीलच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या, बाई डोळे मिटून एकेक काढणार, आणि निघेल त्या जागेवर मी पिंजरा ठेवणार. माझे हात शिवशिवायचे. सतराच्या शेजारी चार, चारच्या शेजारी एकतीस. मी एकदा नुसते दोन पिंजरे सरळ रेषेत सरकवले तर बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "नीटनेटका संसार घरी कर." ट्यूबलाइटवर त्यांनी दुधी कागद लावला आणि तिन्ही बाजूंनी पाच फळ्यांवर उजेड मोजून घेतला.

स्नेहलला त्या खोलीत बंदी. शिवाय नऊ आठवडे तिने आणि मी एका टेबलावर चहा प्यायचा नाही, हा बाईंचा हुकूम. "ही पोरगी तोंडाने नाही बोलणार. हिच्या भुवया बोलतात." ती कॅन्टीनच्या त्या टोकाला पाठ करून बसायची, मी या टोकाला. एकदा हात धुवायच्या जागी समोरासमोर आलो तर तिने दोन्ही तळहातांनी कपाळ झाकलं आणि पळाली.

पाच आठवडे पिल्लं वाढली, चार आठवडे चाचण्या झाल्या. मी स्टूलवर दहा मिनिटं बसायचो, उंदीर पेटीत सोडायचो, घड्याळ चालू करायचो. लाल डबी मध्ये. काही उंदीर तडक डबीपाशी जात, काही पेटीभर हिंडून मग जात. कोपऱ्यात दबून कोणीच बसत नव्हतं. कोण कोणता हे मला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला कळलं की आधीच्या वेळी ठाऊक असण्याचं घड्याळ दाबणाऱ्या माझ्या अंगठ्यावर किती ओझं असणार. मी आयुष्यात एवढे स्वच्छ आकडे लिहिले नाहीत. शेऱ्याचा रकाना चाळीसच्या चाळीस ओळी भरलेला.

लखोटा उघडायचा दिवस बुधवार ठरला. शुक्रवारी समिती येणार होती.

त्या सकाळी बाई दारातून आल्या तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. वास. त्यांच्या हातातल्या चार पुडी डब्याला तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. बुधवारी.

"बाई, आज?"

"खोलीला कुलूप आहे ना? चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग गप्प बस. आणि लखोटा आण."

कॅन्टीनवाल्याला लखोटा आठवेना. सात मिनिटं शोधाशोध झाली, त्या सात मिनिटांत स्नेहलचा चेहरा कागदासारखा झाला. शेवटी वेलदोड्याच्या डब्यामागे सापडला. बाईंनी लाख तपासली, स्नेहलच्या हातात दिला. फळ्यावर बाई दोन खडू घेऊन उभ्या राहिल्या, पांढरा साध्यांना, लाल नॉकआउटना. मी नंबर आणि सेकंद वाचायचे, स्नेहलने फक्त एक शब्द बोलायचा, बाईंनी ठिपका काढायचा.

"एक. बावीस सेकंद."

"साधा."

"दोन. नऊ."

"नॉकआउट."

पहिले दहा ठिपके नुसते शिंतोडे दिसत होते. विसाव्याच्या पुढे मी वहीतून वर बघायचं धाडस केलं. पांढरे वर चालले होते, लाल खाली. तिसाव्याला फळ्यावर दोन ढग उभे राहिले. मध्ये मोकळा रस्ता नव्हता. कडेला चार-पाच ठिपके एकमेकांत मिसळलेले. पण ढग दोन होते, यात लहान मुलालाही शंका आली नसती.

"चाळीस. एकोणीस."

"साधा," स्नेहल म्हणाली आणि खाली बसली.

बाई मागे सरकल्या. मिसळलेल्या ठिपक्यांकडे बोट करून म्हणाल्या, "हे बघा. खरं असतं ना, त्याचे केस असे विस्कटलेले असतात. मागचा निकाल भांग पाडून आला होता."

चौथं दार नसलेले उंदीर घाबरट नव्हतेच. ते पेटीभर आपल्या भावंडांइतकेच फिरत होते. फक्त नव्या वस्तूचं त्यांना अप्रूप नव्हतं. उशिरा जात आणि लवकर परत फिरत. फरक आधीपेक्षा लहान होता. पण तो आमचा होता आणि ट्यूबलाइटचा त्यात एक सेकंदही नव्हता.

बाईंनी डबा उघडला. आम्ही तिघं आणि लखोटा सांभाळल्याबद्दल कॅन्टीनवाला. बोंबील अजून कुरकुरीत होते. तोंडात एक घास गेल्यावर स्नेहलला प्रश्न पडला.

"मॅडम, डबा तर सकाळीच भरला असणार. निकाल उलटा आला असता तर?"

"तर हेच खाल्ले असते. आये पहाटे उठून तळत बसली ती काय फुकट घालवायची?" बाईंनी बोट चाटलं. "लखोटा इमानाने उघडला की काम फत्ते. आत काय निघतं ते उंदरांच्या हातात."

शुक्रवारी समिती आली. पाच माणसं, अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, बारीक आवाजाचे, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. "डिसेंबरात मला एक फार मोठा निकाल सांगण्यात आला होता. तो कुठे गेला?"

बाईंनी आलेख दाखवला नाही. पडद्यावर माझ्या नोंदवहीचं पान लावलं. माझं अक्षर भिंतीवर फूटभर उंच झालं. "पिंजरा वरच्या फळीवर हलवला. खाली बाटली गळते, मधल्या फळीवर सामान." बाईंनी सगळी चूक पहिल्यापासून सांगितली, माझं नीट लावणं आणि त्यांचं खूश होणं, दोन्ही. शेवटी मागच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे हात केला. "हा शेरा त्याने लिहिला नसता तर तुम्ही आज ट्यूबलाइटला शाबासकी देऊन गेला असता."

मग चाळीस उंदीर, हाऊजी, लखोटा, दोन ढग. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मूळ नोंदवही बघू."

त्यांनी पानं एकेक करून उलटली. शेवटच्या पानावर थांबले, चष्मा सरळ केला आणि मोठ्याने वाचलं. "बुधवार. लखोटा उघडला. सकाळी बोंबील आणले, दुपारी संपले."

अक्षर माझं नव्हतं. लाल पेन होतं.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेरा," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे तो रिकामा ठेवत नाहीत."

अध्यक्षांनी वही मिटली. आपल्या फायलीतला आढाव्याचा छापील तक्ता पुढे ओढला. त्यातही शेवटचा रकाना शेऱ्याचाच होता. "मी एकवीस वर्षं हे तक्ते भरतोय," ते म्हणाले, "हा रकाना आजपर्यंत कोराच सोडला." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि लिहिलं. मी मागच्या रांगेत होतो, पण वीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचलेला माणूस आहे, मला उलटं वाचता येतं.

दोनच शब्द होते. "पुढे चालू."